गिटारचा आवाज उतरवला तो हिवाळा

परवा दुपारी धानाची पोती लादलेला एक ट्रॅक्टर आमच्या गल्लीतून गेला. ड्रायव्हरच्या पाठीशी बांधलेला स्पीकर असा दणाणत होता, की माझ्या कपाटातल्या कपबश्या वाजायला लागल्या. शेजारच्या बाई अंगणात येऊन ओरडल्या, "अरे, आवाज कमी कर ना बाप्पा!" ड्रायव्हरला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी मात्र पायरीवर बसून हसत सुटले. आवाज कमी कर! म्हणायला किती सोपं आहे. आमच्या घरानं एक अख्खा हिवाळा या एवढ्या कामापायी घालवला होता.

मूल या आमच्या गावचा हिवाळा नाकाला आधी कळतो. धानाच्या बांध्या रिकाम्या होतात, तणसाचे, म्हणजे पेंढ्याचे ढीग उभे राहतात, आणि राइस मिलच्या बाजूनं उकडलेल्या धानाचा उबट वास सकाळच्या धुक्यातून घरात शिरतो. नोकरी संपल्यावर मी इथंच राहिले, त्याला हा वासही थोडा कारण आहे. पण तो वास आला, की माझं मन मूलमध्ये थांबत नाही. ते जातं माजरीला, कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत, जिथं धानाचा वास नव्हता. होती ती धूळ, आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर दुपारपर्यंत चढणारी राखाडी साय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा खाणीत पाणी उपसायच्या पंपावर होते आणि त्या वर्षी त्यांना रात्रपाळी लागली होती. म्हणजे ते दिवसा झोपत. मी चंद्रपूरच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करत होते. माझा मोठा भाऊ मिलिंद आयटीआय करून खाणीतच इलेक्ट्रिशियनचं काम शिकत होता, पण त्याचा जीव होता गिटारमध्ये. बल्लारशाहला रेल्वेत एक गार्डसाहेब होते. ते त्याला रविवारी शिकवत. निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी जाताना त्यांनी आपली गिटार आणि तिचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मिलिंदच्या हवाली केला. "स्पीकरची तार काढून हा कधी चालू करू नकोस. आतला ट्रान्सफॉर्मर जळेल आणि मला तिकडे झोप लागणार नाही," एवढंच त्यांनी बजावलं.

तो अँप्लिफायर म्हणजे एक जडशीळ लाकडी पेटी होती. चालू केली की मागच्या बाजूला काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी होत, चुलीतल्या निखाऱ्यांसारखे. त्याची एक खोड होती. हळू वाजवला की गिटारचा आवाज डासासारखा बारीक, कोरडा यायचा. पूर्ण सोडला, व्हॉल्व्हना दम लागेपर्यंत सोडला, की त्याच गिटारमधून एक जाड, किंचित घोगरा, गोड सूर निघे आणि तो सूर मरत नसे. एकदा तार छेडली की माणसाचा श्वास संपला तरी तो गात राही. फक्त तेव्हा भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं आणि बाबा आतल्या खोलीतून हाक द्यायचे, "मिलिंदा, मले झोपू देतं का खाणीत जाऊन झोपू?"

त्याच दिवाळीनंतर आमच्याकडे सुभद्राआत्या आली. बाबांची मोठी बहीण, चामोर्शीची. डॉक्टरला दाखवायला आणि हवापालटाला आली होती. कोळशाच्या धुळीत हवापालटाला येणारी ती एकटीच बाई असेल, असं आई म्हणायची.

आत्याबद्दल काय सांगू? धान रोवण्याच्या दिवसांत ती चिखलात उभी राहून गाणं उचलायची, तेव्हा पलीकडच्या बांधीतल्या बाया हात थांबवून ऐकत. तिच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचं एक गायनमंडळ होतं. धान घरात आलं की ते मंडळ गावोगाव कार्यक्रम करी, आणि त्यात पुढं बसायची ती आत्या. मिलिंदला सूर म्हणजे काय हे गार्डसाहेबांच्याही आधी तिनं शिकवलं होतं, मांडीवर घेऊन, तांदूळ निवडता निवडता. त्या पावसाळ्यात तिला हिवतापानं धरलं. ताप पुन्हा पुन्हा उलटला. बरी झाली तेव्हा आवाज परत आला होता, पण लांब सूर धरायला गेली की मध्येच तुटायचा.

"आवाज आला बाबू, दम नाई आला," ती मिलिंदला म्हणाली. जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं होतं.

आदल्या हिवाळ्यात मिलिंद तिच्या मंडळात गिटार घेऊन बसला होता आणि लोकांना ती फार आवडली होती. आता मंडळाचे ढोलकीवाले गुलाबभाऊ मुद्दाम माजरीला आले. चहा घेत, खाली बघत ते बोलले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. यंदा तुम्ही लोकांत बसून ऐका. गिटारले पुढं घेतो. लोक खूश राह्यतीन."

आत्या हसली. "ऐकीन ना. बसून ऐकाले काय जाते?" आणि कप घेऊन आत गेली. ती बराच वेळ तो एकच कप विसळत होती, हे मी पाहिलं.

गुलाबभाऊ गेल्यावर मिलिंद पेटीपाशी जाऊन बसला. मग एकदम म्हणाला, "सुजा, आत्याचा सूर जिथं तुटते ना, तिथून मी धरला तर?"

कल्पना साधी होती. तिचा श्वास संपेल तिथं गिटारनं तोच सूर उचलायचा आणि ती पुन्हा श्वास घेईपर्यंत धरून ठेवायचा. आम्ही लगेच करून पाहिलं. गिटारनं सूर उचलला खरा, पण आत्या त्याच्याखाली अशी दबली, की तिचे फक्त ओठ हललेले दिसले. आवाज कमी केला तर गिटारचा सूर तिच्याही आधी मरायचा. माइक वाढवावा तर तो शिट्टी मारतो, हे मागच्या वर्षीचं ज्ञान होतं. पेटीला पूर्ण दमानं गाऊ द्यायचं, पण लोकांपर्यंत त्यातलं थोडंसंच पोचू द्यायचं, असं काहीतरी हवं होतं.

तिथून आमची डब्याची कहाणी सुरू झाली. अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये काहीतरी बसवायचं, जे बरीचशी ताकद स्वतः पिऊन टाकील आणि उरलेली स्पीकरला देईल. मी वहीत आकृती काढली. मिलिंदनं जुन्या रेडिओतलं आवाजाचं बटण काढून मध्ये जोडलं. तार छेडली. एक क्षण फार सुंदर हळू सूर आला, मग बटणातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि घरभर जळक्या बेकेलाइटचा वास सुटला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय शिजवून राह्यले रे?"

"फिजिक्स," मिलिंद म्हणाला.

रेडिओचं बटण नाजूक, त्याच्या अंगात एवढी ताकद जिरवायची कुवत नव्हती. तापणं ज्याचा धर्मच आहे अशी वस्तू हवी होती. ती आमच्या घरात होती: पाणी तापवायच्या विजेच्या शेगडीची वेटोळ्यांची तार. शेगडी बिघडलेली आहे असं मिलिंदनं आईला सांगितलं. ती बिघडलेली नव्हती, पण त्यानंतर झाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सरांना विचारून मी मीटर आणला, वेटोळं मोजून तोडलं, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चिनी मातीच्या तुकड्यांवर तारा बसवल्या. डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, वारा खेळावा म्हणून. आवाजाच्या पायऱ्या करायला पंख्याच्या रेग्युलेटरची फिरकी लावली. हिवाळ्यात पंखा कोणाला लागतो?

चालला! अँप्लिफायर आत जीव तोडून गात होता आणि बाहेर येणारा आवाज घरात बोलण्याएवढा. मिलिंदनं एक सूर छेडला आणि तो टिकला. बाबा आत झोपलेलेच राहिले. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि आत्यानं तोंडावर पदर धरला, हसू ऐकू जाऊ नये म्हणून.

मग फर्र फर्र झालं आणि सगळं गप्प.

मिलिंदनं झडप घालून पेटी बंद केली. गार्डसाहेबांचं बजावणं आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवलं होतं. डब्याच्या आत कुठं तार सुटली असेल, तर पेटीच्या दृष्टीनं स्पीकर काढून टाकल्यासारखंच. ट्रान्सफॉर्मर गेला, तर तो चंद्रपुरात काय, नागपुरातही मिळणार नव्हता. आणि गिटार गेली असती तर गुलाबभाऊंनी आत्याला गायला पुढं बसवलं असतं असंही नाही. दुसरी गाणारी शोधायची बोलणी त्यांनी सुरू केल्याचं कानावर आलं होतं.

आम्ही डबा उघडला. सगळ्या जोडण्या जागच्या जागी. मीटर लावला, आकडा बरोबर. पुन्हा चालू केला, तर उत्तम चालला. थोड्या वेळानं पुन्हा फर्र फर्र, पुन्हा गप्प. पुढं रोज हेच. डबा बाजूला काढून स्पीकर थेट जोडला, तर पेटी सबंध सकाळ बिनतक्रार वाजे, आणि बाबा सबंध सकाळ तक्रार करत. म्हणजे दोष डब्यातच होता. पण डबा उघडून मीटर लावावा, तर तो शहाण्या मुलासारखा बसलेला. मी बांबूच्या कोरड्या काडीनं एकेक जोडणी दाबून पाहिली. काही नाही. मिलिंद म्हणाला, "याले माणसाची नजर लागते." सरांना विचारलं, तर ते म्हणाले आकृती अगदी बरोबर आहे. आकृती बरोबर होती याचं मला काडीचंही समाधान नव्हतं.

बाबांची वेगळीच अडचण झाली होती. त्यांना आता त्या हळू आवाजाची सवय लागली होती. तो वाजत असला की ते झोपत, आणि बंद पडला की दचकून उठत. "वाजवा तर वाजवा," ते डोळे चोळत बाहेर येऊन म्हणाले, "पण असं मध्येच मरू नका. मले वाटते पंप बंद पडला."

उलगडा झाला तो आईमुळे, आणि तोही भांडणातून. माजरीला सकाळी थंडी बोचायची. शेगडी तर आम्ही खाऊन टाकलेली. तेव्हा आई भाजी चिरून झाली, की ओले हात घेऊन आमच्या डब्याशेजारी येऊन बसू लागली. डबा छान गरम व्हायचा. त्या दिवशी ती बसली, हात पुढं केले, आणि फर्र फर्र, गप्प.

मिलिंद वैतागला. "आई, तू काऊन बसतं वो इथी? तू बसली का बंद पडते!"

"वा रे वा! माही शेगडी तोडली, माहा पंखा गेला, अन् आता मीच पनवती?" आई तडकली. "मी काय बंद पाडाले बसतो? डबा शेकण्याजोगा झाला का मी येतो. मी आली म्हणून तो तापत नाई!"

मी आईकडे बघतच राहिले. ती येते म्हणून बंद पडत नाही. तो तापतो तेव्हा ती येते. आणि आम्ही प्रत्येक वेळी काय करत होतो? बंद पडला, की पेटी बंद करून, डबा निवल्यावर, चटका बसू नये म्हणून थांबून, मग उघडत होतो. दोष फक्त गरम डब्यात राहत होता आणि आम्ही त्याला रोज थंड डब्यात शोधत होतो.

त्या वेळी आम्ही डबा गरम असतानाच उघडला. पेटी बंदच होती. आईनं पदरानं डबा धरला, मी मीटर लावला, मिलिंदनं बांबूची काडी घेतली. पहिली जोडणी, ठीक. दुसरी, ठीक. तिसरीला काडी लागली आणि मीटरचा काटा झोपला, म्हणजे जोड सुटला. काडी काढली, उठला. शेगडीच्या तारेवर आम्ही सोल्डर केलं होतं. वरून ते चकचकीत गोळा होऊन बसलेलं, पण त्या जातीच्या तारेला सोल्डर चिकटतच नाही. तो गोळा तारेवर नुसता टोपीसारखा बसला होता. थंडीत घट्ट, तापली की तार सैलावायची आणि टोपीतून डोकं काढून घ्यायची.

"खाणीत आम्ही गरम जोडणीले स्क्रूच मारतो," मिलिंद कपाळाला हात लावून म्हणाला. "घरी येऊन शायनिंग करत बसलो."

सगळं सोल्डर काढून टाकलं. पितळेचे स्क्रू, वायसर, तारेचं टोक मध्ये दाबून पक्कं आवळलेलं. डबा सकाळभर चालला, पत्र्यावर हात ठेववेना इतका तापला, पण सूर काही तुटला नाही. आई भाजीचे हात घेऊन येऊन बसली आणि आमच्याकडे अशी बघत राहिली, की आम्ही दोघांनी खाली माना घातल्या.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण आत्यानं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "चांगला आहे. पण याच्या तोंडावर कोणं तरी गोधडी टाकल्यावानी वाटते."

खरं होतं. आवाज कमी केला की आधी त्याच्या कडा जातात. हे मी नंतर शिकवण्याच्या नोकरीत पुष्कळ वेळा अनुभवलं. वर्गात हळू बोलणं सोपं असतं. हळू आणि स्पष्ट बोलणं फार अवघड. आत्याला ते उपजत येत होतं. ताप तिची ताकद घेऊन गेला, पण तिचे शब्द कधी पुसट झाले नाहीत. गिटारला तेच शिकवायचं होतं. बारीक, टोकदार सूर डब्यातल्या तारांतून न जाता वळसा घालून थेट पुढं जातील अशी एक वाट हवी होती, आणि अशी वाट कंडेन्सर देतो. कंडेन्सर कुठं होता? पंख्यात. एका पंख्याच्या कंडेन्सरनं थोडा फरक पडला. मग आम्ही दोघांनी दुसऱ्या खोलीतल्या पंख्याकडे बघितलं. आई स्टूल घेऊन स्वतःच आली. "काढा बाप्पा," म्हणाली, "एक उघडा अन् एक झाकलेला बरा नाई दिसत."

दोन्ही जोडले आणि गोधडी उडाली. त्या दिवसापासून रोज दुपारी सराव चाले. आत्या गाई, तिचा सूर बारीक होत होत तुटायच्या बेतात आला, की खालून गिटार अलगद हात लावी. सुरुवातीला जोड दिसायचा. मिलिंद लवकर यायचा किंवा उशिरा. आत्या म्हणायची, "धावू नको. मी पडत नाई, बसून राह्यली." हळूहळू तो तिच्या गळ्याकडे न बघता खांद्याकडे बघायला शिकला. श्वास आधी खांद्यात संपतो. पलीकडच्या खोलीत बाबांचं घोरणं अखंड चालू असे, आणि मला वाटतं, आमच्या कष्टांना तेवढी पावती पुरेशी होती.

गुलाबभाऊंना आम्ही काहीच कळवलं नव्हतं. आत्यानंच कळवू दिलं नाही. चामोर्शीचा कार्यक्रम बाजाराच्या दिवशी, दुपारी विहाराच्या अंगणात होता. आम्ही एसटीच्या टपावर पेटी बांधली, डबा मी मांडीवर घेतला. वैनगंगा ओलांडली तेव्हा खाली वाळूत पाणी काचेसारखं पसरलं होतं आणि दोन्ही काठांवर पिवळ्या तणसाचे ढीग. आत्या खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवरचे हात ताल धरत होते.

अंगणात मांडव होता. मिलिंद पेटी जोडत असताना गुलाबभाऊ डब्याकडे बघून म्हणाले, "हे काय आणलं? खाऊ?" आणि मग त्यांनी पाहिलं, की आत्या लोकांत ऐकायला बसण्याऐवजी चपला काढून मंचावर येते आहे. ते काही बोलणार होते. आत्यानं माइक आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "गुलाब, ढोलकी हळू घेजो. आज मी जोरात नाई गात."

ती गायला लागली. तिनं स्वतः बांधलेलं, रोवण्याच्या बायांचं गाणं होतं ते. बाजार भरलेला, त्यामुळे पहिल्यांदा कोणाचं लक्ष नव्हतं. पण मोठ्यानं गाणाऱ्याला लोक चालता चालता ऐकतात आणि हळू गाणाऱ्यासाठी थांबावं लागतं. टोपल्या घेतलेल्या बाया थांबल्या. पहिला लांब सूर आला. मी मांडवाच्या बांबूला घट्ट धरून उभी होते. तो बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि जिथं तो तुटायचा तिथं तुटला नाही. गिटारनं तो कधी हातात घेतला हे जोडणी केलेल्या मलाही कळलं नाही. आत्यानं निवांत श्वास घेतला आणि पुढच्या ओळीला त्याच सुरातून बाहेर आली, नदीत बुडी मारून वर यावं तशी. गुलाबभाऊंनी ढोलकीवरचे पंजे सोडून बोटांनी वाजवायला सुरुवात केली होती. त्यांची मान खाली होती आणि त्यांचा चेहरा मला शेवटपर्यंत दिसला नाही.

शेवटच्या कडव्यात आत्यानं मिलिंदकडे वळून तळहात वर उचलला. वाढव. त्यानं न समजल्यासारखं बघितलं. तिनं पुन्हा उचलला. दोन सुरांच्या फटीत त्यानं डब्याची फिरकी एक घर पुढं सरकवली, आणि ते कडवं दोघं बरोबरीनं गायले.

आत्या त्यानंतर बरेच हिवाळे गायली. मंडळ तिच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. पण धानाचा वास आला की मला आठवते ती त्याच संध्याकाळची, कार्यक्रमानंतरची वेळ. बाजार उठत होता. आम्ही तारा गुंडाळत होतो. टोपलीत वांगी घेतलेली एक म्हातारी मंचापाशी आली, आत्याचा हात हातात घेतला आणि मंचावर, मंचाच्या मागं, मांडवाच्या कोपऱ्यात शोधत बघू लागली.

"बाई, तुमचं गाणं मस्त झालं," ती म्हणाली. "पण तुमच्यासंग दुसरी बाई गात होती, ते कुठी गेली? मले दिसलीच नाई."

मिलिंद तोंड उघडणार होता. आत्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

"ते लाजते वो," आत्या म्हणाली. "पुढच्या साली पुढं बसवतो तिले."